बाळंतिणीच्या घरातले कर्ज

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या व्यासपीठाचा वाटणार नाही. एकाच्या मिळकतीवर चालणारे घर, त्या घरात नुकतेच जन्मलेले मूल आणि डोक्यावर कर्ज, ही बाब आपण सहसा नातेवाइकांच्या सल्ल्यावर सोडून देतो. शेतीच्या कर्जावर आपण सभा घेतो, मोर्चे काढतो, ठराव करतो. आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या नावावर सात-बारा नाही त्याच्या कर्जाची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नसते, तशी ती आपल्या ठरावांतही नसते. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वर्षी राज्यात कर्जमाफीच्या योजना जाहीर झाल्या. त्या शेतीकर्जाच्या होत्या. भूमिहीन मजुराने पत्नीच्या बाळंतपणासाठी काढलेले कर्ज त्यांपैकी एकीतही बसत नव्हते.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. मूल झाल्यावर श्रमिकाच्या घरावर जे कर्ज चढते ते बहुतांशी उधळपट्टीचे नसते. आई ज्या महिन्यांत कामावर जाऊ शकत नाही त्या महिन्यांची तिची बुडालेली मजुरी कर्जाच्या रूपाने त्या घराच्या नावावर लिहिली जाते. हे ध्यानात घेतले म्हणजे घरातला हिशेब कसा सावरावा आणि संघटनेने काय मागावे, हे दोन्ही प्रश्न एकाच वहीत मांडता येतात.

हिशेब कोठे बिघडतो

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. आपापल्या गावातले आकडे घालून पाहावेत. समजा, नवरा मानवतच्या जिनिंगमध्ये किंवा सेलूच्या अडतीवर काम करून महिन्याला १२,००० रुपये आणतो. बायको कापसाची वेचणी, सोयाबीनची काढणी, खुरपणी अशी कामे करून सरासरी ६,००० रुपये मिळविते. घराची मिळकत १८,००० झाली. तिच्या नावावर गटाची दोन कर्जे आहेत, शिवाय मोटारसायकलचा हप्ता आहे. मिळून महिन्याला ७,५०० रुपये जातात. उरलेल्या १०,५०० रुपयांत घर कष्टाने का होईना, चालते.

आता ती बाळंत होते. सातव्या-आठव्या महिन्यापासूनच तिचे वाकून करायचे काम बंद झालेले असते, आणि मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत ती रानात जाऊ शकत नाही. मिळकत १८,००० वरून १२,००० वर येते, म्हणजे एक तृतीयांशाने घटते. हप्ता मात्र ७,५०० च राहतो. घरात उरतात ४,५०० रुपये. मिळकत एक तृतीयांशाने कमी झाली, पण पोटासाठी उरणारी रक्कम निम्म्याहूनही खाली गेली. आणि खाणारे तोंड एकाने वाढले, औषधपाणी वाढले, बाळंतिणीच्या खारीक-खोबऱ्याचा आणि डिंकाचा खर्च वाढला. हप्ता चार हातांच्या कमाईवर ठरला होता, तो आता दोन हातांनी फेडायचा आहे. सगळी विवंचना येथून सुरू होते.

हे भगदाड बुजविण्यासाठी नवरा सावकाराकडे जातो. महिन्याला ४,००० प्रमाणे पाच महिन्यांत २०,००० रुपये होतात. दर शेकडा पाच, म्हणजे महिन्याचे व्याज १,००० रुपये आणि वर्षाचे साठ टक्के. वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. पुढे बाई पुन्हा कामाला लागते तेव्हा तिच्या ६,००० मधले १,००० रुपये दरमहा त्या बाळंतपणाच्या व्याजात जातात. मूल चालायला लागते तरी त्याच्या जन्माचे कर्ज उभेच असते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या बालाघाटाकडच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हाच हिशेब अधिक निष्ठुरपणे मांडला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या जोडीवर मिळते. बाई बाळंतपणामुळे गेली नाही तर अर्धा कोयता. उचल कमी आणि जुनी बाकी तशीच. गेली तर तान्हे मूल कोपीत ठेवून उसाच्या फडात उतरायचे, आणि खाडा पडला की पैसे कापले जायचे. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर ते कुटुंब पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाला बांधलेले राहते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. शरीराच्या धर्मालाच खाडा समजणारी व्यवस्था कोणत्या थराला जाते हे त्यातून दिसले.

पतपुरवठ्याची आंधळी बाजू

असे कर्ज देणारी सभ्य संस्था आपल्याकडे का नसावी? १९५१-५२ साली झालेल्या ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीत असे आढळले होते की, खेड्यातील कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के होता. त्यानंतर सहकाराचा विस्तार झाला, १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून ग्रामीण बँका निघाल्या. या प्रत्येक टप्प्याने सावकाराची पकड काहीशी सैल केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या साऱ्या संस्थांचा एक आग्रह कायम राहिला: कर्ज उत्पादनासाठी हवे. बियाण्यासाठी कर्ज मिळेल, म्हशीसाठी मिळेल, विहिरीसाठी मिळेल. मूल जन्माला घालणे मात्र उत्पादनाच्या व्याख्येत बसत नाही.

१९७५ चा अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात कर्जनिवारणाचा कायदा होऊन शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि अत्यल्प भूधारक यांची सावकारी कर्जे रद्द करण्यात आली. मागणी न्याय्य होती. परंतु जुने कर्ज गेले तसा नवे कर्ज देणारा सावकारही दार लावून बसला, आणि आजारपण, बाळंतपण, मर्तिक यांसाठी पैसा आणायचा कोठून हा प्रश्न उभा राहिला. त्याचा विचार करण्यासाठी केंद्राने बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७६ साली गरिबांना घरखर्चासाठीही संस्थात्मक कर्ज मिळावे अशी शिफारस केली. ती शिफारस मुख्यतः कागदावरच राहिली. कर्ज रद्द करणे हे अर्धेच काम आहे. कर्ज काढण्याचे कारण शिल्लक ठेवले तर नवा सावकार उभा राहतो, हा धडा आपण त्यातून घ्यायला हवा होता.

आज गावोगाव मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जे आहेत. कागद थोडे, तारण नाही, पैसे लवकर, म्हणून बाया तिकडे वळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण गटातील एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी तो भरायचा, अशी रचना असली म्हणजे वसुलीचा तगादा कंपनीच्या माणसाबरोबर शेजारणीच्या तोंडूनही येतो. बाळंतिणीच्या दारात तिच्याच मैत्रिणी उभ्या राहतात. श्रमिक स्त्रियांची एकजूट आपण ज्यांच्या बळावर उभारू पाहतो, त्यांनाच ही पद्धत एकमेकींची वसुलीदार बनविते.

घराने काय करावे

उपदेश करणे सोपे असते, म्हणून ज्याचा रुपयांत हिशेब दाखविता येईल तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, सगळी देणी एका कागदावर मांडावीत आणि शक्यतो सातव्या महिन्याच्या आत मांडावीत. गटाचे कर्ज, बँकेचे, किराण्याची उधारी, दवाखान्याची बाकी, मेहुण्याकडचे हातउसने, सावकाराचे. काही लपवू नये. प्रत्येकापुढे शेकड्याला महिन्याचे व्याज किती ते लिहावे. हातउसन्याला व्याज नसते. किराण्याच्या उधारीला दिसत नाही, पण ते भावात चढलेले असते. सरसकट व्याजाची भूल ओळखावी. ३०,००० रुपये दोन वर्षांसाठी "बारा टक्के सरसकट" म्हणून दिले की व्याज ७,२०० आणि महिन्याचा हप्ता १,५५० होतो. आपण दरमहा मुद्दल फेडीत असतो, तरी व्याज अखेरपर्यंत पूर्ण ३०,००० वर मोजले जाते. घटत्या बाकीवर हिशेब केला तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो.

दुसरी गोष्ट, थकण्यापूर्वी बोलावे. वरच्या उदाहरणातील घराने हप्ते घेणाऱ्या संस्थांशी बोलून सहा महिने ७,५०० ऐवजी ४,५०० भरण्याची सवलत मिळविली, तर १८,००० रुपये पुढे ढकलले जातील. त्यांवर शेकडा दोनने व्याज धरले तरी महिन्याचे ३६० रुपये होते. तेच १८,००० सावकाराकडून आणून हप्ते वेळेवर भरले तर महिन्याला ९०० रुपये व्याज. ढकललेला हप्ता फुकट नसतो हे खरेच, पण तो सावकारापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे महाग कर्ज काढणे, ही इभ्रत राखण्याची सर्वांत महाग रीत आहे.

तिसरी गोष्ट, घरात गुंजभर सोने असेल आणि सावकाराचे शेकडा पाचाचे कर्ज असेल, तर सोने बँकेत ठेवून ते कर्ज आधी संपवावे. बँकेचे सोनेतारण सामान्यतः शेकडा एकाच्या आसपास पडते. मंगळसूत्राबद्दल बाईची भावना मी जाणतो. निर्णय तिचाच असला पाहिजे. पण कपाटातले सोने सांभाळून साठ टक्के व्याज भरीत राहण्याने शेवटी ते सोनेही सावकाराकडेच जाते.

चौथी गोष्ट, खर्चाची काटछाट कोठे करू नये हे ठरवावे. आईचे जेवण, मुलाचे औषध आणि रेशन यांना हात लावू नये. हप्त्याच्या दिवशी घरात सर्वांत आधी उपाशी राहते ती बाळंतीण, आणि तिचे दूध आटले की वरच्या दुधाचा खर्च मागे लागतो. काटछाट करायची असेल तर बारशाच्या मांडवात करावी. पाचवी, बारसे, आहेर, गावजेवण यांसाठी कर्ज काढू नये, हे आपण गावात स्पष्टपणे बोलले पाहिजे. आणि आधी आपल्या स्वतःच्या घरातले बारसे चहा-साखरेवर करून मगच बोलले पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीचाही विचार व्हावा. तीत मुलीची मायेने देखभाल होते हे खरे, पण त्या रूढीने खर्चाचा भार तिच्या बापाच्या, म्हणजे बहुधा दुसऱ्या एका मजुराच्या, खात्यावर ढकलला जातो.

कायद्याने दिलेले आणि न मिळालेले

कार्यकर्त्याचे काम येथे सुरू होते. पुढील गोष्टी प्रत्येकाने पाठ केल्या पाहिजेत.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेने झाले तरी, मोफत आहे. औषधे, तपासण्या, जेवण आणि घरून रुग्णालयापर्यंतची ने-आणही मोफत आहे. औषध बाहेरून आणण्यास सांगितले जात असेल तर तेथे आपण उभे राहिले पाहिजे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. गवंडी, सेंटरिंगवाले, रंगारी यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी नैसर्गिक बाळंतपणास १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या बाळंतपणास २०,००० रुपयांचे साहाय्य आहे. नोंदीत कामगाराच्या पत्नीलाही ते मिळते. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो बाळंतपणानंतर धावत मिळत नाही, आधी मिळवून ठेवावा लागतो.

सावकारीचे नियमन करणारा राज्याचा कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याला विनातारण दिलेल्या कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. अठरा टक्के म्हणजे शेकडा दीड. आपल्याकडचा चालू दर पाच असेल तर तिपटीहून अधिक वसुली बेकायदा आहे, हे चावडीवर मोठ्याने सांगण्याजोगे आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायची असते. एकट्या कर्जदाराला ती करण्याचे धैर्य होत नाही, म्हणून ती संघटनेने त्याच्या सोबत जाऊन करावी.

मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून आहेत. तीन लाखांपर्यंत वार्षिक मिळकतीच्या घरावर महिन्याच्या सर्व हप्त्यांचा बोजा मिळकतीच्या निम्म्याहून अधिक असू नये. आपल्या उदाहरणातील घर कर्ज काढताना या मर्यादेत बसत होते. १८,००० चे निम्मे ९,००० आणि हप्ता ७,५००. मूल झाल्यावर तोच हप्ता मिळकतीच्या साडेबासष्ट टक्के झाला. नियम कर्ज देण्याच्या दिवसाकडे पाहतो, बाळंतपणाच्या दिवसाकडे पाहत नाही; आणि सावकाराचे देणे तर त्या मोजदादीत बहुधा येतच नाही. तरीही त्या नियमांत आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे. सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावे जाहीर करणे यांस मनाई आहे. विमा किंवा वस्तू गळ्यात मारता येत नाही. आणि फेडीत अडचण आलेल्या कर्जदाराला ओळखून त्याच्याशी बोलण्याची, मार्ग दाखविण्याची व्यवस्था संस्थेने ठेवलीच पाहिजे. वर सांगितलेली सहा महिन्यांची सवलत मागायची ती या कलमावर बोट ठेवून. कलम सवलतीची हमी देत नाही. पण दारात आलेल्या वसुलीदाराशी बोलायला ते पाय रोवण्यापुरती जागा देते.

दोन आक्षेप

आपल्यातले काही मित्र विचारतील, मूल पोसण्याची ऐपत नसताना मूल कशाला? कुटुंबनियोजनाला माझा विरोध नाही. दोन मुलांमधले अंतर हे आईच्या प्रकृतीसाठी आणि घराच्या हिशेबासाठीही हिताचे आहे. पण मी सांगितलेले उदाहरण पहिल्याच मुलाचे असू शकते. ज्या समाजात एका मुलाच्या जन्मानेही मजुराचे घर दोन वर्षे व्याजात अडकते, तेथे दोष घरातील मुलांच्या संख्येत शोधणे म्हणजे मजुरीच्या दराकडे पाठ फिरविणे होय.

दुसरे काही म्हणतील, ही सारी सुधारणावादी मलमपट्टी आहे. व्यवस्था बदलल्याशिवाय काय होणार? त्यांना माझे नम्र उत्तर असे की, जी बाई शुक्रवारच्या हप्त्याच्या भीतीने रात्रभर जागी आहे, ती आपल्या शनिवारच्या सभेला येणार नाही. कर्ज माणसाला एकटे पाडते. कर्जदार दुकान चुकवितो, रस्ता बदलतो, सभा टाळतो. त्याला पुन्हा चारचौघांत आणणे हे संघटनेचे पहिले काम आहे.

मागणी कशाची

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकाची चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता. प्रसूतीच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, असा त्यांचा विचार होता. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा देशव्यापी कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि तीच तरतूद पुढे सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आली. पण तिचा लाभ नोकरी असणाऱ्या स्त्रीला. वेचणीला जाणाऱ्या बाईला मालक रोज नवा असतो. तिला रजा कोण देणार?

तिच्यासाठी संसदेने २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० रुपयांची तरतूद केली. त्या कायद्याने पहिले मूल, दुसरे मूल असा भेद केलेला नाही. योजनेने तो केला आणि पहिल्या मुलाची रक्कम ५,००० ठेवली. सव्वीस आठवड्यांचे, आठवड्यास सहा दिवसांप्रमाणे, कामाचे दिवस होतात १५६. पाच हजारांना १५६ ने भागले तर दिवसाला बत्तीस रुपये पडतात. पगारदार स्त्रीला सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार आणि शेतमजूर स्त्रीला दिवसाला बत्तीस रुपये, ही तफावत आपल्या प्रत्येक पत्रकात छापली गेली पाहिजे.

म्हणून मागणी अशी असावी. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक बाळंतिणीला सव्वीस आठवड्यांची किमान वेतनाएवढी रक्कम मिळावी. ती बाळंतपणापूर्वीच सुरू व्हावी, कारण सावकाराकडे जाण्याची वेळ तेव्हाच येते. कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेवर बाळंतपणाच्या सहा महिन्यांत हप्ता अर्धा करण्याचे बंधन असावे, आणि तो भार गटातील इतर स्त्रियांवर पडू नये. ऊसतोडीच्या करारात बाळंतपण म्हणजे खाडा नव्हे, हे लिहिले जावे.

या मागण्या लगेच मान्य होणार नाहीत. तोवर एक काम प्रत्येक गावातील शाखेने हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे. गावात येत्या चार महिन्यांत कोण बाळंत होणार हे आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना ठाऊक असते. त्यांच्या मदतीने, आणि घरच्यांची संमती घेऊन, त्या त्या घरी दोन कार्यकर्त्यांनी, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे, जावे. देण्यांचा कागद लिहून द्यावा, कोणत्या योजनेचा अर्ज राहिला आहे ते पाहावे, वसुलीदाराशी बोलणी करताना सोबत बसावे. दहा घरांचे असे कागद जमले की तालुक्याच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायला आपल्यापाशी भाषणापेक्षा भक्कम काही असेल. पहिली दहा घरे येत्या वेचणीच्या हंगामाआधी व्हावीत, आणि ते कागद पुढच्या अभ्यासवर्गात आपण समोर घेऊन बसावे, एवढीच माझी विनंती आहे.